ऑइलचा वास आणि हिचं नाक

३ मार्च, मंगळवार

आज सकाळी गाडीत इंजिन ऑइलचा वास आला. जळक्या ऑइलचा. हिला डेअरीवर सोडायला निघालो होतो, मोठ्या चौकातल्या सिग्नलला थांबलो आणि वास आला. सिग्नल सुटला, गाडी पळायला लागली, वास गेला. मी विचारलं, "ऑइलचा वास येतोय का गं?" ही म्हणाली, "नाही."

विषय संपला. दुसऱ्या कुणाच्या बायकोने नाही म्हटलं असतं तर संपला नसता, पण हिचं नाक म्हणजे साधं नाक नव्हे. चोवीस वर्षं ही डेअरीच्या धक्क्यावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक कॅनचं झाकण उघडते, नाकाशी नेते आणि सांगते, घ्या किंवा परत. फॅट, आंबटपणा वगैरे नंतर लॅबमध्ये. आधी हिचं नाक. गाईने आदल्या दिवशी कांद्याची पात खाल्ली असेल तर ही सांगते. कॅन ओला असतानाच झाकला असेल तर तेही सांगते. दूधवाले हिला टरकून असतात. मीही असतो. लग्नानंतर महिन्याभरात मी सिगारेट सोडली ती काही तब्येतीसाठी नव्हे.

तेव्हा वास नाही. माझ्याच हाताला काहीतरी लागलं असणार. दुकानात चष्म्याच्या दांड्यांना घालायचं तेल असतं, ते असेल.

५ मार्च, गुरुवार

पुन्हा तेच. त्याच चौकात, गाडी उभी असताना. ब्लोअर चालू होता. बंद केला तर वास कमी झाला, की मला तसं वाटलं? खात्रीने सांगता येत नाही.

हिला म्हटलं, नीट बघ. हिने डोळे मिटले, मान पुढे काढली, धक्क्यावर काढते तशी, आणि दोनदा सावकाश श्वास घेतला. "काही नाही हो. आणि पुढे बघा, सिग्नल सुटलाय." मागचे सगळे भोंगे वाजवत होते.

हिला सोडून दुकानापर्यंत येताना स्वतःचा शर्ट हुंगला, स्टिअरिंग हुंगलं, दुकानासमोर गाडी लावल्यावर एक बूट काढून तोही हुंगला. समोरच्या शिंप्याने बघितलं. मी नाडी बांधायला वाकल्यासारखं केलं, पण बूट हातात होता.

एखाद्या गिऱ्हाइकाला गाडीत बसवून विचारावं असं दिवसभरात दोनदा मनात आलं. विचारलं नाही. त्यानेही नाही म्हटलं तर मग काय करायचं?

८ मार्च, रविवार

गाडीचं बॉनेट उघडून अर्धा तास बघत उभा राहिलो. लोकांचे डोळे तपासण्यात हयात गेली, इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. डिपस्टिक मात्र कळते. ऑइल खालच्या खुणेच्या जवळ आलंय. मागच्या वेळी कुठे होतं? आठवेना. गाडी मागे घेऊन जमीन बघितली, एक थेंबही सांडलेला नाही. ऑइल कमी झालंय आणि सांडलेलं नाही, मग गेलं कुठे? की मुळातच कमी होतं?

आठवेना, हे वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं. साठी पूर्ण झाली त्या दिवसापासून ही वही लिहितोय, ती एवढ्याचसाठी. काही निसटायला लागलं तर कागदावर दिसेल म्हणून. हिला वाटतं मला लिहिण्याची हौस आहे.

ताईला फोन केला. आमच्या वडिलांच्या आजाराबद्दल आडून आडून विचारणार होतो, पण मोठ्या बहिणीपुढे आडून काही चालत नाही. सरळ विचारलं, आप्पांचं कशापासून सुरू झालं होतं? ताई म्हणाली, "वासापासून. तुला आठवत नाही? वायर जळतेय म्हणायचे सारखे. इलेक्ट्रिशियनला बोलावून घरातले सगळे बोर्ड उघडायला लावले होते. आम्हाला कुणालाच वास येत नव्हता. मग दोन वर्षांत माझं नाव विसरले." जरा थांबून म्हणाली, "का रे?"

"काही नाही, सहज," असं म्हणून ठेवून दिला. आप्पा तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते.

१० मार्च, मंगळवार

मिस्त्रीकडे गेलो. हा आमचा जुना मिस्त्री, गाडी घेतल्यापासूनचा. बोलतो कमी आणि तेही गाडीच्या खालून. त्याला म्हटलं, आत बसून वास घेऊन बघ. तो बसला, बसल्यासारखं करून उतरला. "काका, मला विचारून उपयोग नाही. वीस वर्षं इथे आहे. मला चहालाही ऑइलचाच वास येतो."

म्हणजे जगात दोनच नाकं कामाची, त्यातलं एक माझं आणि दुसरं नाही म्हणतंय.

बॉनेट उघडून त्याने बॅटरीने सगळीकडे बघितलं. वरून जरा ओलसर आहे म्हणाला, पण एवढ्या वयाच्या इंजिनाला थोडा घाम येतोच. ऑइल भरलं, झाकण घट्ट केलं, फडक्याने पुसलं. "वास फक्त तुम्हालाच येतो की काकूंनाही?" मी म्हटलं, हिला येत नाही. त्याला हिचं नाक माहीत आहे, त्याची सासुरवाडी डेअरीला दूध घालते. तो माझ्याकडे न बघता पाने पेटीत ठेवायला लागला. न बोलता माणूस किती बोलतो ते मला तेव्हा कळलं.

१३ मार्च, शुक्रवार

वास आहेच. सकाळी चौकात आला, संध्याकाळी रेल्वेच्या फाटकापाशी थांबलो तेव्हा आला. हिला आता विचारत नाही. शेजारी बसलेली असते, खिडकीबाहेर बघत. मी श्वास घेतला की माझ्याकडे बघते आणि लगेच पुन्हा बाहेर.

संध्याकाळी घरी एक मजा झाली. मी गॅलरीत पेपर वाचत होतो, दूध करपल्याचा वास आला. धावत आत गेलो तर पातेलं काळं पडलेलं आणि ही ओट्यापासून दोन हातांवर खुर्चीत बसून मासिक चाळतेय. मी गॅस बंद केला. म्हटलं, वा, डेअरीच्या बाईंच्या घरी दूध करपतंय, पेपरात द्यायला हवं. ही हसली नाही. "वाचायच्या नादात लक्ष गेलं नाही," म्हणाली आणि पातेलं घासायला घेतलं, ते घासतच राहिली. जानेवारीतल्या त्या तापापासून ही थकलेली असते. आठवडाभर नाक बंद, डोकं जड, तरी तिसऱ्या दिवशी कामावर. मी मोठ्या आवाजात बोललो असेन बहुतेक.

डेअरीच्या वॉचमनने आज काच खाली करायला लावून सांगितलं, "बाई हल्ली फार कडक झाल्यात. पूर्वी महिन्याला एखादा कॅन परत जायचा, आता आठवड्याला चार जातात. तो दोन कॅनवाला तर बिचारा तिसऱ्यांदा परत गेला." मला अभिमान वाटला. या वयात माणसाची इंद्रियं बोथट होतात, हिची धारदार होतायत.

त्याच नाकाला माझा वास येत नाही, हे मात्र त्यामुळे जास्तच पक्कं झालं.

१५ मार्च, रविवार

शेवटी हिला सांगून टाकलं. आप्पांचं, वायरच्या वासाचं, ताईच्या फोनचं. सांगताना आवाज नीट राहिला नाही. मी म्हटलं, वास नसताना मला येतोय, सुरुवात अशीच होते. मला गाडीची भीती वाटत नाही, मला माझी भीती वाटते.

ही एकदम ताठ बसली. चेहरा पांढरा पडला. "तुम्हाला काही झालेलं नाही."

"कशावरून?"

"मी सांगते ना."

"तू काय डॉक्टर आहेस?"

यावर ही उठून आतल्या खोलीत गेली. बऱ्याच वेळाने डोकावलो तर घड्या घातलेलेच टॉवेल पुन्हा मोडून घड्या घालत होती. मला वाईट वाटलं आणि रागही आला. तुम्हाला काही झालेलं नाही, असं आम्ही आप्पांनाही सांगायचो.

१७ मार्च, मंगळवार

मिस्त्रीचा स्वतःहून फोन. "काका, तुमचं ऑइल डोक्यातून जात नाही. वास भासाचा असेल, पण ऑइल कमी झालंय ते काही भासाने होत नाही." हा माणूस गाडीखालून बाहेर आला की शहाण्यासारखा बोलतो.

त्याने इंजिन धुऊन, पुसून कोरडं केलं आणि सगळीकडे अंगाला लावायची पावडर मारली. हो, साधी पावडर, फुलांच्या डब्यातली. म्हणाला, उद्या दिवसभर चालवा, जिथून ऑइल येत असेल तिथे पावडर भिजेल. बॉनेटखालून आमची गाडी आंघोळ करून आलेल्या बाळासारखी दिसत होती. हिला काही बोललो नाही. सापडलं तर सांगेन, नाही सापडलं तर ही माझी आणखी समजूत घालेल आणि ती मला आता नको आहे.

१८ मार्च, बुधवार

सापडलं! मी वेडा नाही.

हे आधी लिहून घेतलं, आता सविस्तर. इंजिनाच्या डोक्यावर एक झाकण असतं, टॅपेट कव्हर म्हणतात त्याला. त्याच्या खालचं रबरी पॅकिंग मागच्या बाजूने, जिथे सहज नजर जात नाही तिथे, वाळून तडकलेलं. पावडरीत एक बारीक काळी रेघ खाली उतरलेली. तिथून थेंब थेंब ऑइल एक्झॉस्टच्या तापलेल्या पाइपवर पडतं आणि जमिनीवर पोचायच्या आत जळून जातं, म्हणून डाग नाही. गाडी उभी असली की तो धूर वायपरखालच्या जाळीतून ब्लोअरवाटे आत येतो. गाडी पळाली की वाऱ्यावर जातो. म्हणून सिग्नलला वास, रस्त्याला नाही. मी वहीत लिहिलेलं सगळं जिथल्या तिथे बसलं. मिस्त्रीला मिठी मारावीशी वाटली, पण तो फार काळा झाला होता.

नवं पॅकिंग, पाइप साफ, हवेचा आतला फिल्टरही बदलला कारण तो वासाने माखला होता. संध्याकाळी एकटाच तासभर फिरलो. मुद्दाम चौकाचौकात थांबलो, ब्लोअर पूर्ण सोडला. वास नाही. जीव भांड्यात पडला.

एकच गोष्ट खटकते. वास खरा होता, तर तो हिला कसा आला नाही? कदाचित हिच्या बाजूला हवा कमी येत असेल. कळत नाही. हिला अजून सांगितलेलं नाही. उद्या सकाळी गाडीत बसवतो, काही न बोलता, आणि बघतो.

१९ मार्च, गुरुवार

काय लिहू?

सकाळी निघालो. चौकात थांबलो. गाडीत नव्या फिल्टरचा कोरा वास, बाकी काही नाही. मी गप्प होतो. हिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "अहो, आज मलाही आला."

"काय?"

"वास. ऑइलचाच. जळका. तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं, तुम्हाला भास होत नव्हता."

मी हिच्याकडे बघत राहिलो. मागून भोंगे. ही इतक्या प्रेमाने हसली, गेल्या पंधरा दिवसांत अशी हसली नव्हती. मी गाडी पुढे काढली. मला वास येत नव्हता. मी नाक फुगवून फुगवून घेतला, छाती दुखली, तरी नाही. पुढच्या सिग्नलला ही म्हणाली, "हा बघा, पुन्हा. आता तर चांगलाच येतोय."

पंधरा दिवस मला येत होता, हिला नाही. आता हिला येतोय, मला नाही. आणि या दोघांत चुकू शकणारं नाक कुठलं, हे काय मला कुणी सांगायला हवं?

२१ मार्च, शनिवार

मिस्त्रीकडे पुन्हा गेलो. त्याने सगळं पुन्हा उघडलं. पुन्हा पावडर. एक थेंब नाही. मी म्हटलं, पण वास आहे. तो म्हणाला, "तुम्हाला येतोय?" मी म्हटलं, "नाही, मला येत नाही, म्हणून तर आलोय." त्याने हातातला पाना खाली ठेवला.

सगळं समजावून सांगितलं. सांगताना माझं मलाच ते कसं ऐकू येतंय ते कळत होतं. मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "सोमवारी काकूंना घेऊन या. त्यांनाच विचारतो कुठून येतो."

२३ मार्च, सोमवार

ही येईना. कशाला, मला काय कळतं गाडीतलं, उशीर होईल, अशी दहा कारणं सांगितली. मी म्हटलं, माझ्यासाठी चल. मग आली.

मिस्त्रीने आज चांगलं डोकं लावलं होतं. दोन फडकी आणली. एक जुन्या ऑइलने चिंब, एक साबणाने धुतलेलं. "काकू, डोळे मिटा. कुठल्याला वास येतो सांगा, म्हणजे तुम्ही नेमक्या कुठल्या वासाबद्दल म्हणताय ते मला कळेल." दुकानात मी दिवसभर हेच करतो, पहिली काच बरी की दुसरी. ऑइलच्या फडक्याचा वास मला हातभर अंतरावरून येत होता. हिने पहिलं हुंगलं, दुसरं हुंगलं, पुन्हा पहिलं. कपाळाला घाम आला होता. मग म्हणाली, "ह्याला." धुतलेलं फडकं.

मला आधी धक्का बसला आणि मग कळलं. गॅरेजातलं फडकं धुतलं म्हणून काय, त्यात ऑइल उरणारच. आपल्यासारख्याला ढोबळ वास येतो, हिला बारीक येतो. मिस्त्रीला ते सांगायला वळलो तर तो हिच्याकडे बघत होता. ही डोळे उघडून त्याच्याकडे. मग त्याने दोन्ही फडकी पटकन ड्रममध्ये टाकली आणि म्हणाला, "बरोबर आहे काकू. बसा, चहा सांगतो."

निघताना मला बाजूला घेतलं. माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाला, "काका, गाडीत काही नाही. आता बॉनेट उघडू नका. घरी जा आणि दोघं बसून बोला."

इतक्या हळू आवाजात तो कधी कुणाशी बोलत नाही. मला समजलं. माझ्या नाकात दोष नाही, फडक्याचा वास मला आला. म्हणजे दोष त्याच्या वर आहे. मिस्त्रीलाही ते कळलंय आणि हिलाही. फक्त मला कुणी तोंडावर सांगत नाही.

२४ मार्च, मंगळवार

आजपासून गाडी चालवायची नाही असं ठरवलं. किल्ली कपाटात ठेवली. ही बसने गेली. डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली, मेंदूच्या. हिला सांगितलं तेव्हा ही रडली. मी म्हटलं, लवकर गेलेलं बरं, आप्पांना आपण फार उशिरा नेलं. ही आणखीच रडली.

संध्याकाळी दुकानातल्या कुलपांची कुठली किल्ली कशाची ते लेबलं लिहून चिकटवली. लेकीला फोनवर काही कळू दिलं नाही. तिने विचारलं, "बाबा, आवाज असा का?" मी म्हटलं, नाक बंद आहे.

२७ मार्च, शुक्रवार

जसं घडलं तसं लिहितो.

डॉक्टर तरुण आहेत, शांत. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळाचं चित्र काढा. सगळं जमलं, पण जमतंय म्हणून मी खूश होईना. मग त्यांनी वासाचं विचारलं. मी तीन तारखेपासून वही वाचून दाखवली. त्यांनी मान डोलावत सगळं ऐकलं आणि हिच्याकडे वळून म्हणाले, "घरच्यांच्या काय लक्षात आलं?"

ही मांडीवरची पिशवी आवळून बसली होती. म्हणाली, "डॉक्टर, यांना तपासू नका. मला तपासा."

मला वाटलं हिचं डोकं फिरलं.

"मला वास येत नाही. जानेवारीपासून. कशाचाच नाही."

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून कॉफीची बाटली काढली, झाकण उघडलं, हिला डोळे मिटायला सांगितलं. कॉफीचा वास माझ्या खुर्चीपर्यंत आला. हिने श्वास घेतला, पुन्हा घेतला. नाकाचं टोक बाटलीत गेलं. "काही नाही," म्हणाली. मग त्यांनी लवंगा हुंगायला दिल्या. "काही नाही." डोळे मिटलेलेच होते आणि त्यांच्या कडांतून पाणी यायला लागलं.

तापानंतर असं होतं म्हणाले. परत येईल, येणारही नाही, सांगता येत नाही. आणखी तपासण्या लिहून दिल्या. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही ठणठणीत आहात."

मला त्या क्षणी काय वाटलं ते या वहीत तरी खोटं लिहिणार नाही. मला आनंद झाला. माझी बायको शेजारी रडत होती आणि मला उड्या माराव्याशा वाटत होत्या.

२८ मार्च, शनिवार

आनंद एक रात्र टिकला. सकाळी उठलो तो संतापूनच. आयुष्यात एवढं भांडलो नसेन.

मी म्हटलं, "पंचवीस दिवस. पंचवीस दिवस तू मला वेडा होऊ दिलंस. आप्पांचं सांगितलं तेव्हा तरी बोलायचंस."

"म्हणून तर सांगितलं ना, मलाही वास येतोय म्हणून."

"तेव्हा वास गेला होता."

"ते मला कसं कळणार?"

मी हसलो आणि हसलो म्हणून अजून राग आला. ही म्हणाली, "रोज वाटायचं आज येईल. सकाळी उठल्याबरोबर साबण हुंगायचे. एकदा येऊ दे, मग कुणाला सांगायची गरजच नाही. त्या धक्क्यावर मला दुसरं काय येतं हो? माझ्या नाकाशिवाय मी तिथे कोण आहे?"

शिव्या मला स्वतःलाही घालायला हव्यात. दुकानात लोक डोळे गेल्याचं लपवायला अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात. मला ते अर्ध्या मिनिटात कळतं, मी तक्ता उलटा करतो. घरात पातेलं करपलं, फडकं चुकलं, मिस्त्रीलासुद्धा कळलं. मी मात्र वही लिहीत बसलो.

दुपारी विचारलं, मग अडीच महिने धक्क्यावर काय करत होतीस? हिने निवडत असलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "चेहरे बघायचे. झाकण उघडताना ज्याच्या चेहऱ्यावर धाकधूक दिसली, त्याचं परत. खराब दूध आत जाऊ नये एवढंच. लॅब होतीच मागे, पण मला धीर नव्हता." आणि मग, "तो दोन कॅनवाला आहे ना, त्याचा चेहरा मुळातच घाबरलेला."

३० मार्च, सोमवार

किल्ली कपाटातून काढली आणि हिला डेअरीवर सोडलं. आज गेटवर सोडून निघालो नाही, थांबलो. ही मॅनेजरच्या खोलीत गेली आणि बाहेर आली. मॅनेजरला आधी थट्टा वाटली म्हणे. तपासण्या होईपर्यंत धक्क्यावर दुसरं कुणी, ही नोंदींच्या टेबलावर. "चोवीस वर्षांचं तीन मिनिटांत सांगून झालं," म्हणाली. आवाज कोरडा होता. मी हिचा हात धरला. राग गेलेला नाही, पण तो हात धरूनही करता येतो.

परत येताना म्हणाली, उद्या मला त्या दोन कॅनवाल्याकडे न्याल?

३१ मार्च, मंगळवार

गावाबाहेर आठ-नऊ किलोमीटर. चार गाई, एक पत्र्याचा गोठा, पुढे धुतलेलं अंगण. आमची गाडी बघून तो माणूस धावत आला आणि हिला उतरताना बघून जागीच थांबला. चेहरा खरंच घाबरलेला आहे त्याचा, जन्मापासून तसाच असावा.

हिला बोलायला वेळच दिला नाही त्याने. "बाई, दोन्ही कॅन नवे आणलेत. चारा बदलला. उकळत्या पाण्याने दोनदा धुतो आता. काळी गाय मला आधीपासून संशयाची वाटत होती, तिला वेगळी बांधली आणि तिचं दूध घालतच नाही." त्याची बायको गोठ्याच्या दारात उभी होती. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते, सोलवटलेले. ती म्हणाली, "मी रोज सांगत होते, दुधाला काही नाही. हे ऐकेनात. म्हणाले, बाईंचं नाक चुकणार नाही. आपलंच काहीतरी चुकतंय."

मी गाडीला टेकून उभा होतो. हा माणूस आणि मी एकमेकांना ओळखत नव्हतो, पण गेला महिना आम्ही दोघांनी एकच काम केलं होतं.

ही म्हणाली, "दादा, तुमच्या दुधाला वास नव्हता. एकदाही नव्हता. मला वास येत नाही, जानेवारीपासून. मी तुमचा चेहरा बघून परत पाठवलं."

तो अंगणात तसाच उकिडवा बसला. हीसुद्धा त्याच्यासमोर खाली बसली, साडी मातीत. त्याच्या बायकोने तोंडाला पदर लावला. शिव्या घालेल असं मला वाटलं, घालायलाच हव्या होत्या. मग तो म्हणाला, "म्हणजे काळीचं काही नाही ना?" ही म्हणाली, "काही नाही."

तो उठून गोठ्यात गेला आणि एक कॅन घेऊन आला, सकाळचं दूध, काळीचं. झाकण उघडलं आणि सवयीने हिच्यापुढे धरलं. धरल्यावर त्याच्या लक्षात आलं, हात तसाच राहिला. हिने झाकण घेतलं, उलटं केलं आणि माझ्याकडे दिलं. "तुम्ही बघा."

मी म्हटलं, मला काय कळतंय. ही म्हणाली, "जळकं ऑइल कळलं ना? बघा."

मी झाकण नाकाशी नेलं, डोळे मिटले. तिघंही माझ्याकडे बघतायत हे डोळे मिटूनही कळत होतं. कोमट, गोडसर, थोडा पेंढ्याचा वास. बाकी काही नाही. पुन्हा घेतला. तोच. मी म्हटलं, "चांगलं आहे."

ही म्हणाली, "नक्की?"

मी म्हटलं, "नक्की."